रान्दीच्या नावाची पेटी

फार फार वर्षांपूर्वी नॉर्वेच्या एका डोंगरदरीत आस्लाउग नावाची बाई राहायची. ती लाकडी पेट्या, वाडगी, कपाटं कोरायची आणि त्यांवर निळ्या-तांबड्या वेलबुट्ट्या रंगवायची. तिच्या कुंचल्यातून फूल उतरलं की मधमाश्या घरात शिरायच्या, असं म्हणतात.

त्या दरीत प्रत्येक नवरीला लग्नात एक पेटी मिळे आणि पेटीवर तिचं नाव असे. घर नवऱ्याचं, शेत नवऱ्याचं, गुरं नवऱ्याची. पेटी तेवढी तिची. नाव आधी कोरायचं आणि मग रंगवायचं, ही तिथली रीत. पण धाकट्या बहिणीची, रान्दीची पेटी करताना आस्लाउगनं घाई केली. नाव कोरलंच नाही, नुसतं रंगवलं.

रान्दी हाल्वोर नावाच्या बड्या जमीनदाराच्या घरी सात वर्षं राबली आणि बाळंतपणात गेली. वर्षही सरलं नाही, तोच हा मेला दुसऱ्या लग्नाला उभा! आणि चिक्कूपणा तर बघा. नव्या पेटीला लाकूड लागेल, म्हणून त्यानं रान्दीचं नाव चाकूनं खरवडलं आणि आस्लाउगला निरोप धाडला, की येऊन नवं नाव घालून दे. तिच्याच सख्ख्या बहिणीला! सांगताना अजून माझ्या अंगाची आग होते.

आस्लाउग आली, ती भर लग्नाच्या पंगतीत, हातात पटाशी घेऊन.

"सात वर्षं तुझ्या घरात खपली ती, हाल्वोर. तिचं नाव तुला जड झालं?" असं म्हणून तिनं सगळ्यांदेखत पेटीवर त्याच खरवडलेल्या जागी रान्दीचं नाव खोल कोरलं.

हाल्वोरनं रंधा मागवला. एक थर उडाला, नाव तसंच. दुसरा उडाला, नाव तसंच. फळी पापडासारखी पातळ झाली, तरी नाव हलेना. खाली पडलेल्या प्रत्येक ढलपीवरही रान्दीचंच नाव होतं, असं म्हणतात.

तेव्हा नवी नवरी इंगेबोर्ग उठली. "ही पेटी रान्दीची आहे. उद्या माझंही नाव असंच तासून काढाल," एवढं बोलून ती बापाच्या घरी चालती झाली. बरं केलं!

आजही त्या दरीत नाव कोरल्याशिवाय पेटीला रंग लावत नाहीत. पहिला घाव नवरीच्या बहिणीनं घालायचा, आणि रागानं घालायचा. तिनं हलक्या हातानं घातला, तर जमलेल्या बायका ओरडतात, "अगं, रान्दीला आठव!" मग पटाशी खोल जाते.