पाहुण्याचा व्हिसा

आमच्या वसंताला मस्कतला प्लंबरची नोकरी लागली, तेव्हाची गोष्ट. कागदपत्रं करून देणारे एजंट होते चिपळूणचे पेवेकर शेठ. माणूस मोठा, आवाज त्याहून मोठा. मी, वसंता आणि सूनबाई ललिता, असे तिघं त्यांच्या ऑफिसात जाऊन बसलो.

शेठ म्हणाले, "कामाचं परमिट यायला वेळ लागतो. सध्या पाहुण्याच्या व्हिसावर पाठवतो. परमिट काय, मागाहून होतं."

ललिता म्हणाली, "पण तसं काम करताना पकडलं तर तुरुंगात टाकतात म्हणे."

"वहिनी, तुम्ही भाकऱ्या बघा. आमचं हे रोजचं आहे."

तेवढ्यात शेठनी आपल्या मुलीच्या लग्नाची पत्रिका माझ्या हातात ठेवली. ललितानं ती निवांत वाचली.

"लग्न वैशाखात आहे होय? बराच वेळ आहे की. मग ताईंना उद्याच सासरी नांदायला पाठवा ना शेठ. अक्षता काय, मागाहून टाकू."

शेठ ताडकन उठले. "काय बोलता हे? लग्नाआधी ती तिथे कोणत्या नात्यानं राहील?"

"मी तेच विचारतेय," ललिता म्हणाली. "आमचे हे तिथे कोणत्या नात्यानं राहतील?"

शेठ खाली बसले. मग त्यांनी कामाच्या परमिटचा अर्ज काढला.

वैशाखात आम्ही लग्नाला गेलो. आधी अक्षता पडल्या, मग मुलगी सासरी गेली. आणि पुढच्याच आठवड्यात आमचा वसंता परमिट घेऊन मस्कतला गेला.