टिटवीने भरवलेली सभा

फार पूर्वी एका अरण्यात रोज सकाळी तळ्याजवळच्या कळंबाच्या झाडाखाली सर्व प्राण्यापक्ष्यांची सभा भरत असे. तिच्या गोंगाटाला कंटाळून हत्तीमहाराजांनी ती बंद केली. "ज्याचे गाऱ्हाणे असेल त्याने एकट्याने येऊन सांगावे," असे त्यांनी फर्मावले.

टिटवीची अंडी तळ्याकाठी उघड्यावर होती. तिने एकटीने जाऊन तो काठ मागितला. "तुझाच, बाई," महाराज म्हणाले. ती आनंदाने परतली.

दुसऱ्या दिवशी गव्यांचा कळप थेट अंड्यांच्या रोखाने आला. टिटवी पंख पसरून आडवी उभी राहिली.

"थांब रे दांडग्या! हा काठ महाराजांनी मला दिलाय."

"तुला? अगं, वाटेसाठी तो कालच मला दिला!" कळपाचा म्होरक्या म्हणाला.

देवाने दिलेला कंठ टिटवीने मोकळा सोडला. सारे अरण्य कळंबाखाली धावले. महाराजही आले. तिने सर्वांदेखत विचारले, "महाराज, काठ कोणाचा?"

महाराज नुसते कान हलवत राहिले. गवा खो खो हसला. "राहू दे गं. आम्ही पलीकडच्या उतारावरून जाऊ."

"पुन्हा हा गोंगाट!" महाराज पुटपुटले.

"होय महाराज," टिटवी म्हणाली, "पण इथे दोघांना एकच उत्तर द्यावं लागतं."