सोडलेली जागा

पोटनिवडणूक असली, तरी आबासाहेबांचा थाट मोठाच होता. ते जिल्हा परिषदेवरून थेट आमदार झाले होते आणि रिकाम्या झालेल्या जागेवर आता त्यांनी पुतण्याला उभं केलं होतं. खांबेवाडीच्या पारावर येऊन बसले, तर समोर सगळी पिकली डोकी. तरुण माणूस औषधालाही सापडेना.

आबासाहेब तापले. "कुठं गेली तुमची पोरं? असल्या मतदानाला कुणी फिरकत नाही. गाव सोडलं की गावाची आठवणही सुटते काय?" मग पुढ्यातल्या सगुणाबाईंनाच त्यांनी धरलं. "मावशी, तुमचा सुयोग चाकणला ना? लावा फोन! विचारा, लाज कशी वाटत नाही!"

सगुणाबाईंनी पोराचं तोंड पाहिलं होतं ते दिवाळीला. तरी पदर सावरून त्या उठल्या.

"विचारते की, साहेब. पण तो मलाच उलट विचारील, 'आई, ही मध्येच निवडणूक कशी लागली?' काय सांगू? तुम्ही जागा सोडून गेलात म्हणूनच ना?"

पारावर खसखस पिकली.

"माझा पोरगा पोटासाठी गेला, साहेब. जत्रेत पालखीला खांदा द्यायला तो न बोलावता येतो. तुम्ही मात्र निवडून दिल्यापासून आजच दिसलात."

आबासाहेबांना एकदम पुढच्या गावची सभा आठवली.

गाडीचा धुरळा बसल्यावर सगुणाबाईंनी खरंच फोन लावला.

"सुट्टी नाही गं, आई," सुयोग म्हणाला. "आणि एका मतानं काय होणार?"

"ते मला ठाऊक नाही, बाबा," त्या म्हणाल्या. "पण एका पोरानं घर भरतं."