टेबलाखालची पाचर

“मॉडर्न आहे ते, अक्का. मॉडर्न चित्रात भोपळ्याला बूड असायलाच पाहिजे असं नाही.”

“आणि नाव? मॉडर्न चित्रावर काढणारीचं नावही नसतं काय रे?”

मघापासून हे असंच चाललं होतं. दिगंबरनं एक बोलावं, सगुणाअक्कानं दोन ऐकवावीत.

अक्का म्हणजे त्याची गुरू. नवरा गेल्यावर कुणी न शिकवता हातात रंधा घेतलेली आणि मिरजेच्या भल्याभल्या सुतारांना खाली मान घालायला लावलेली बाई. तिच्याकडं सहा वर्षं राबून दिगंबर सांगलीला आला आणि फर्निचर डिझायनर झाला. उद्या त्याच्या नव्या दालनाचं उद्घाटन होतं. कपाटांच्या दारांत, पलंगांच्या उशाला, जिकडंतिकडं गावातल्या नव्या चित्रकारांची चित्रं बसवलेली. बाहेर फलकावर हातभर अक्षरांत लिहिलेलं: ‘दिगंबर पांचाळ – स्थानिक कलेचा आधार’.

अक्का आज आली होती ती ठसा घेऊन. चपटा, बोटभर जाडीचा लोखंडी ठसा. काम मनासारखं उतरलं की ती तो तापवून लाकडाच्या बुडाशी उमटवायची, कुणाला दिसणार नाही अशा जागी. हा एकाच शिष्याला देईन, म्हणाली होती. दिगंबर वीस वर्षं त्याची वाट बघत होता. आत्ता तो तिच्या मांडीवरच्या पिशवीत होता. पिशवीचा तो फुगवटा त्याला बसल्या जागेवरून दिसत होता.

आणि ही बाई भोपळ्याच्या बुडावर अडली होती.

“नाव माहितीपुस्तकात आहे की. ‘स्थानिक कलाकार’ असं छापलंय.”

“तिच्या बापानं बारशाला ‘स्थानिक’ नाव ठेवलं होतं काय?”

“अक्का, कौसर मुजावरला कोण ओळखत होतं? प्लायवर काढलेली चित्रं कॉटखाली सारून ठेवायची पोरगी. माणूस घरात आधी कपाट आणतो, चित्र नाही. मी माझ्या कपाटावरून तिचं चित्र लोकांच्या घरात पोचवतो. मी नसतो तर...”

“पोचवतोस. ते खोटं नाही.” अक्कानं मान डोलावली. “पण पाव्हणा दारात चपला काढतो, तसं तिचं नाव दारात काढून ठेवलंस.”

दिगंबरनं कपाटाकडं बघितलं. दारावरच्या चित्रात मिरजेची एक गच्ची. तंबोऱ्यासाठी वाळत घातलेले भोपळे, पिवळेजर्द, रांगांवर रांगा. सगळ्यात खालची रांग मात्र मध्येच संपलेली.

“परवा आली होती ना ती बघायला?” अक्कानं विचारलं.

“आली होती.”

“काय बोलली?”

“काही नाही. उभी राहिली आणि गेली.”

“तेव्हापासून कुंचल्याला हात लावला नाही तिनं. आई रडत होती माझ्याकडं.”

“कलाकार मनस्वी असतात, अक्का...”

“हं... चहा सांग.”

चहा आला. टेबल दिगंबरच्या हातचं होतं, बक्षीस मिळवलेलं. कुठलंही काम दिसलं की आधी त्याचं बूड बघायचं ही अक्काची जुनी खोड. ती खाली वाकली... आणि वाकलेलीच राहिली.

“पाचर लावलीस?”

“फरशी वरखाली आहे जरा.”

तिनं पायाखालची पाचर ओढून काढली. टेबल कललं. चहा बशीत सांडला, बशीतून तिच्या हातावर आला. हात तिनं मागं घेतला नाही.

प्लायचा वीतभर तुकडा होता. वर पिवळ्या भोपळ्यांची बुडं, त्यांच्या सावल्या आणि कोपऱ्यात निळ्या रंगात बारीक अक्षरांत: कौसर.



“दार... दोन बोटं आखूड पडलं होतं, अक्का. नवं दार करायचं म्हणजे तीन दिवस. उद्घाटन तोंडावर आलेलं...”

“माझ्याकडं असताना आरशाच्या कपाटाची चौकट अशीच आखूड केली होतीस. काय केलंस मग?”

“...चौकट मोडली.”

“का?”

“आरसा कापत नसतात.”

“करवत कुणी चालवली हिच्यावर?”

दिगंबरनं कललेलं टेबल हातानं सावरलं.

“दिग्या, तुला विचारतेय.”

“मीच.”

अक्कानं तुकडा कपाटाच्या दाराच्या दिशेनं धरून बघितला.

“चिकटवतो,” तो म्हणाला. “आजच चिकटवतो. सांधा दिसणारसुद्धा नाही.”

अक्कानं पदरानं तुकड्यावरचा चहा टिपला. भोपळे पुसले, नाव पुसलं, हळूच, तान्ह्या पोराचं तोंड पुसावं तसं. तुकडा पिशवीत ठेवला आणि पिशवीतून ठसा काढला.

दिगंबरचा हात आपोआप पुढं झाला.

अक्का पुन्हा वाकली. ठसा टेबलाच्या पायाखाली सारला आणि मुठीनं दोन ठोके देऊन घट्ट बसवला. टेबलाच्या कडेवर तळवा दाबून बघितला. टेबल तसूभर हललं नाही.

“अक्का... तो ठसा...”

बशीतला चहा तिनं कपात ओतला. कप त्याच्यापुढं सरकवला. पिशवी काखेला मारून उठली.

“पी आता. सांडायचा नाही.”