राक्षसिणीचा पांढरा डोळा

एकदा एका खाडीकाठच्या गावात एक म्हातारे चित्रकथी राहत होते. चित्रकथी म्हणजे कागदावर रंगवलेली चित्रं एकामागून एक लोकांसमोर धरून गाऊन-सांगून कथा पुढे नेणारा. संध्याकाळी देवळात समई लागली की सगळं गाव त्यांच्यासमोर येऊन बसायचं. सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांच्या हाताखाली एक तरुण शिष्य होता. आबा सांगत आणि तो रंगवी.

लोकांना सर्वांत जास्त आवडायची ती मुलं पळवणाऱ्या राक्षसिणीची कथा. तिचा कागद वर आला की पोरं आयांच्या पदरात शिरायची. त्या राक्षसिणीचा एक डोळा पांढरा असे. आबांच्या गुरूंनी तसा काढला, म्हणून आबांनी काढला, म्हणून शिष्यही तसाच काढी. समईच्या उजेडात मागच्या माणसालाही ती चटकन ओळखू यावी, एवढंच त्याचं कारण.

त्याच गावात शेवंता नावाची सुईण होती. लहानपणी तिला देवी आल्या, तेव्हा उजव्या डोळ्यात फूल पडलं आणि तो डोळा पांढरा झाला तो कायमचा. तिच्या हाताला मात्र गुण होता. अडलेल्या बाईला तिच्या नुसत्या आवाजानं धीर यायचा, म्हणून बाळंतपणाला तिला बोलवायचे. पण बारशाला नाही. बारशाच्या दिवशी तिची साडी आणि नारळ उंबऱ्याबाहेरच हातात द्यायचे आणि आत बाळाला काजळाची मोठी तीट लावायचे. तसं काही नाही हो, पण उगाच कशाला, असं म्हणायचे. तीही कधी काही बोलली नाही. देवळात आबांच्या खेळाला यायची, खांबाआड बसायची, आणि राक्षसिणीचा कागद येण्याआधी उठून जायची. शिष्याला वाटे, हिला चुलीवरचं काहीतरी आठवलं असेल.

पुढे शिष्याच्या बायकोचे दिवस भरत आले. पहिलटकरीण, माहेर लांब, आई नाही. तिला सगळ्याचीच धास्ती. पोटात बाळ हललं तरी धास्ती, नाही हललं तरी धास्ती. ती नवऱ्याला म्हणाली, “त्या मावशीला बोलवू नका. ती वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण तिचा डोळा बघितला की भीतीच वाटते मला.”

दुसरी सुईण होती ती खाडीपल्याड. ओहोटीला होडी चिखलात बसायची. कळा नेमक्या त्याच वेळी सुरू झाल्या तर काय, हा घोर शिष्याला लागला. तो आबांकडे गेला, सगळं सांगितलं आणि म्हणाला की बाळंतपण होईपर्यंत बायकोला पल्याड नेऊन ठेवतो, काही दिवस सुट्टी द्या.

आबांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. म्हणाले, “जाण्याआधी एक काम कर. राक्षसिणीचा कागद जुना झालाय, नवा काढ. आणि या वेळी तिला माझा चेहरा दे.”

शिष्याला वाटलं, आबा थट्टा करताहेत. पण आबा गंभीर होते. हे टक्कल, नाकावरची ही चामखीळ, हा फाटका कान, सगळं हुबेहूब यायला हवं, असं त्यांनी बजावलं. गुरूचं मुख राक्षसिणीला द्यायचं म्हणजे पाप, असं शिष्य पुटपुटला. पण आज्ञा मोडवली नाही.

संध्याकाळी खेळ झाला. नवा कागद वर आला तेव्हा आधी देऊळभर हशा पिकला. “आबा, लुगडं शोभतं हो तुम्हांला,” असं कुणीतरी ओरडलंही. आबा स्वतःही हसले. मग त्यांनी आवाज खाली आणला आणि राक्षसीण पाळण्याकडे कशी सरकली ते सांगायला लागले. हळूहळू हसू विरलं. पोरं पदरात शिरली. कथा संपली तेव्हा नमस्कार करायला नेहमीची गर्दी झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा रोजच्यासारखे चुरमुऱ्यांचं टोपलं घेऊन ओटीवर बसले. रोज त्यांच्या अंगाखांद्यावर चढणारी पोरं त्या दिवशी कुंपणापाशीच थबकली आणि मागे पळाली. आता हे झालं पोरांचं. पण शेजारची सून रोज पाण्याला जाताना आपलं तान्हं आबांच्या मांडीवर ठेवून जायची. आबांनी हात पुढे केले. तिनं मूल खांद्याशी घट्ट धरलं आणि म्हणाली, “आज फार रडतोय हो, नेते सोबतच.” मूल आबांकडे बघून हसत होतं.

शिष्याला संताप आला. ज्यांना जन्मापासून तुम्ही खेळवलं, ती माणसं एका कागदावरून अशी वागतात, म्हणाला. ही कसली कृतघ्नता! हा कागद आत्ताच्या आत्ता फाडतो.

आबांनी त्याला जवळ बसवलं. म्हणाले, “तिच्यावर रागावू नकोस. तिनं काही ठरवून मूल मागे घेतलं नाही, हात आपोआप मागे गेला. मला ही माणसं आयुष्यभर ओळखतात, माझं चित्र त्यांनी एक संध्याकाळ पाहिलं. शेवंताचं चित्र आपण पिढ्यान् पिढ्या दाखवतोय. राक्षसीण ओळखू यावी म्हणून आपण डोळा पांढरा केला, आणि लोक पांढऱ्या डोळ्यावरून राक्षसीण ओळखायला लागले. माझ्या गुरूंच्या मनात तसं नव्हतं. माझ्याही नव्हतं. पण ती खांबाआडून उठून जायची ते मी पाहत होतो, आणि कथा पुढे नेत होतो.”

शिष्य तसाच उठला. घरी जाऊन त्यानं बायकोला सारं सांगितलं.  ती म्हणाली, “कळलं मला. पण कळलं म्हणून भीती जाते का?”

ती उठली तशीच आबांकडे गेली आणि तेच विचारलं. आबा म्हणाले, “नाही जात, पोरी. जाईपर्यंत थांबू नकोस. भीती असताना तिला घरी बोलव. चहा दे. बस तिच्याजवळ.”

शेवंता आली. सवयीनं उंबऱ्याबाहेरच बसली. आत या म्हटल्यावर आधी इकडेतिकडे बघितलं, मग आली. तिनं तळहात एकमेकांवर चोळून ऊन केले आणि पोटावर ठेवले. शिष्याच्या बायकोनं अंग चोरून घेतलं. शेवंता हसून म्हणाली, “घाबरतेस ना गो? घाबर. मी पण दर खेपेला घाबरते. न घाबरणारी सुईण कधी ठेवू नये कुणी.”

त्या वाक्यानं तिला रडूच फुटलं. तिच्या आईनं असंच काहीतरी म्हटलं असतं. पल्याड जायचं नाव मग कुणी काढलं नाही.

बाळंतपण सुखरूप झालं. मुलगी झाली. जगात येऊन तिनं पहिला चेहरा पाहिला तो शेवंताचा, आणि तिला अजून कुणी कसलं चित्र दाखवलेलं नव्हतं. टक लावून बघत राहिली म्हणतात.

बारशाला शिष्याच्या बायकोनं शेवंताला हाताला धरून उंबऱ्याच्या आत आणलं आणि पाळण्याशी बसवलं. काही बायका कुजबुजल्या. तिनं लक्ष दिलं नाही. वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, “मावशी, नाव तुम्ही ठेवायचं.” शेवंतानं इतकी मुलं जगात आणली होती, पण नाव ठेवताना कुठल्याच बाळाला पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी देवळात खेळ होता. शेवंता खांबाआड निघाली होती, पण शिष्याच्या बायकोनं तिला पुढे बसवलं आणि बाळ तिच्या मांडीवर दिलं. राक्षसिणीचा कागद यायची वेळ झाली तशी ती सवयीनं उठू लागली. पण बाळ मांडीवर गाढ झोपलेलं. उठवेना. मान खाली घालून बसून राहिली.

शिष्यानं पुन्हा नवा कागद काढला होता. त्यात आबांचं टक्कल नव्हतं, चामखीळ नव्हती, पांढरा डोळाही नव्हता. बाजारात भेटावी तशी एक बाई होती.

मागून कुणीतरी कुरकुरलं, “आबा, यात राक्षसीण कुठली ते ओळखू येईना.”

आबा म्हणाले, “थांबा जरा. पाळण्याला हात घातला की कळेल.”

तेव्हा शेवंतानं मान वर केली आणि कथा पहिल्यांदाच शेवटपर्यंत पाहिली.

आबांच्या ओटीवर पोरं परत यायला बरेच दिवस गेले. एकटा शेजारचा तान्हा मात्र चालायला लागल्यावर आपणहून त्यांच्याकडे गेला. शिष्य जन्मभर सांगत असे, की रंग भरायला मला कुणीही शिकवलं असतं, पण रंग कुठे भरू नये ते आबांनी स्वतःचा चेहरा देऊन शिकवलं.

आपल्या दारात आता चित्रकथी येत नाही, घरात टीव्ही आहे, हातात मोबाईल आहे. लेकरू मांडीवर असताना त्यात कुणी काळा, कुणी तिरळा, कुणी भलत्या कपड्यातला चोर म्हणून दाखवला, की मी त्याच्या कानाशी एवढंच म्हणते, तो दिसतो कसा ते राहू दे बाळा, करतो काय ते बघ. आणि मनातल्या मनात आबांना हात जोडते.