किरकोळ पाचशे

एकदा एक कागद घडी घालून गॅरेजात आला. त्याच्या मागं एक माणूसबी हुता, बाळगोंडा. नर्सरीची रोपं गावोगाव पोचवायचा. पिकअप जुनी, धूर सोडायची, ऑईल प्यायची. पर घर तिच्यावरच चालायचं. बायकोला चाळीस हजाराची भिशी लागली नि गड्यानं ठरवलं, इंजिन सोताच खोलायचं, मोबाईलवर बघून.

गॅरेज दस्तगीर मिस्त्रीचं. म्हाताऱ्याला समदे चाचा म्हनायचे. शाळंचं तोंड बघितलेलं न्हाई, खोड्या काढण्यात मात्र पदवीधर.

"चाचा, मजुरी वाचवतो. तुमी निस्ती जागा द्या, चुकलो तर सांगा. हे बघा बजेट."

पिस्टन, रिंगा, बेरिंग, गॅस्केट, ऑईल, समदं ओळीनं लिवलेलं. सगळ्यात खाली, किरकोळ पाचशे. बेरीज बरोब्बर चाळीस हजार! इंजिनाचा खर्च नि बायकोची भिशी, दोघांचं माप कसं एक निघालं, बघा की.

चाचानं कागद उलटा धरला नि गंभीर तोंड करून बघत बसला.

बाळगोंडाला हसू आवरंना. "चाचा, उलटा धरलायसा."

"मला कुठं वाचाय येतंय? तूच वाच. ही वरची ओळ काय म्हनती?"

"वरची न्हवं, ती खालची हाय. किरकोळ, पाचशे."

"झ्याक. मग आधी किरकोळच उरकू. सायलेन्सरच्या अंगाचा ह्यो एक बोल्ट काढ. पिस्टन उद्या आन."

"एकच बोल्ट?"

"एकच. भ्या वाटतंय व्हय?"

बाळगोंडानं पान्हा लावला, दात खाल्लं, जोर केला. कट्! बोल्टाचं डोस्कं हातात, धड आत.

"डोस्कं निघालं," चाचा म्हनाला. "अर्धं काम झालं."

मग ड्रिल लावलं, तर ड्रिलचं पातंच आत मोडलं. नवं पातं एकशेऐंशी. वेल्डिंगवाला आला, मोडक्यावर नट चिकटवून वढला, तीनशे घेऊन गेला. नवा बोल्ट साठ. गावात जाऊन यायला पेट्रोल शंभर. दुपार कलली तवा बोल्ट निघाला.

"किती झालं रं?"

"सहाशे चाळीस."

"नि किरकोळ किती लिवलं हुतंस?"

इंजिन अजून मिटलेलंच हुतं.

चाचानं त्याला कोपऱ्यातल्या पिकअपकडं नेलं. बॉनेट उघडं, इंजिन पोत्यांत भरलेलं, नि इंजिनाच्या जागी एक कोंबडी अंड्यावर बसलेली. शेजारी खोकं. आत पिस्टन, नवीकोरी, कागदात गुंडाळलेली.

"तीन वरसं झाली. ह्याच्या मालकाकडंबी कागद हुता," चाचा म्हनाला. आता त्याच्या तोंडावर हसू न्हवतं. "पिस्टनची किंमत दुकानदार सांगतोय, ती कुनीबी इचारून यावी. पर आत काय गंजलंय, काय झिजलंय, ते दुकानदाराला ठावं न्हाई, तुला न्हाई, मलाबी न्हाई. ते खोलल्यावर बोलतं, नि बोललं की पैसं मागतं. ह्याला लेथवाल्यानं सांगितलं, ब्लॉक झिजलाय, बोअर करून आतली भोकं मोठी करावी लागतील, ही पिस्टन बसायची न्हाईत, मोठी घे. पैसं संपलं हुतं. ज्याचं माप आपल्याला ठावं न्हाई, त्याला तू किरकोळ म्हनलास, लेका. नि बजेट तू इंजिनाचं केलंच न्हाईस. भिशीचं केलंस."

बाळगोंडा कोंबडीकडं बघत उभा ऱ्हायला. कोंबडीनं एक डोळा उघडला नि परत मिटला.

"मग मी काय करू, चाचा?"

"धूर सोडती, पर चालती न्हवं? चालू दे. ऑईल बघत जा, जवळच्या खेपा कर. भिशीला हात लावू नगं. तिच्यात भर घाल."

नवा बोल्ट आवळला नि गाडी खोकत खोकत घरला गेली.

पाच महिन्यांनी तोच माणूस, दुसरा कागद. चाचानं हात पुढं केला, पर कागद धरायच्या आधी इचारलं,

"किरकोळ कुठं लिवलंयस?"

"सगळ्यात वर. पिस्टनच्या दुप्पट. नि पिस्टन लेथवाल्यानं माप दिल्यावरच घेनार."

"मग सुलटा धरतो," म्हातारा म्हनाला, नि पान्ह्याची पेटी पायानं त्याच्याकडं सरकवली.