दोन फांद्यांवरची गोधडी

ऐका रे ऐका, कान इकडे, पाय पांघरुणात!

एक होती उंदरी. नाव तिचं रिठी. तिची थोरली बहीण भोकरी, धाकटं भावंड बाळ.

गोधडी विरली. आईनं तिचे दोन तुकडे केले. म्हणाली, "एकाला ठिगळं तू लाव, एकाला ताई. मग जोडू."

रिठी बसली खालच्या फांदीवर. भोकरी बसली वरच्या फांदीवर.

तेवढ्यात थंडी आली. बाळ कुडकुडलं. चूं चूं चूं! अर्धी गोधडी घातली, तर शेपूट उघडं!

रिठी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"साळूमामा, साळूमामा, गोधडी शिव, बाळाला ऊब मिळेल!"

"अंगभर सुया आहेत गं, दोरा कुठाय? कोळीकाका दोरा देईल, तर मी शिवीन."

तुरुतुरु तुरुतुरु.

"कोळीकाका, कोळीकाका, तू दोरा दे, साळूमामा गोधडी शिवेल, बाळाला ऊब मिळेल!"

"वारा दोरा तोडतो ना! वारा थांबेल, तर मी देईन."

तुरुतुरु तुरुतुरु.

"वारेबुवा, वारेबुवा, तू थांब, कोळीकाका दोरा देईल, साळूमामा गोधडी शिवेल, बाळाला ऊब मिळेल!"

"सूंऽऽ! ताईचा तुकडा कसा फडफडतोय! मजाच मजा! ताई तो खाली आणेल, तर मी थांबेन."

तुरुतुरु तुरुतुरु.

"भोकरीताई, भोकरीताई, तू तुकडा खाली आण, वारा थांबेल, कोळीकाका दोरा देईल, साळूमामा गोधडी शिवेल, बाळाला ऊब मिळेल!"

"आणते. पण मधोमध माझं पिवळं ठिगळ. तुझं लाल उसव!"

"का म्हणून? मीपण मधोमधच लावलंय!"

"मग बस!"

"तूच बस!"

दोघी फुगल्या. टम्म!

खालून बाळ रडलं. चूं... चूं... अगदी हळू.

रिठीनं आपलं शेपूट चावलं. मग म्हणाली, "ताई, तुझं मोठं, माझं छोटं. पिवळं खाली, लाल त्याच्यावर. बघू या?"

रिठीनं आपलं लाल ठिगळ उसवून आणलं, पिवळ्यावर ठेवून पाहिलं.

"अगं बया! झेंडूच की गं!" भोकरी हसली.

ताईनं तुकडा खाली आणला. वारा थांबला. कोळीकाकानं दोरा दिला, सर्रर्र. साळूमामानं गोधडी शिवली, टच टच टच.

कोपऱ्यात रिठीनं भाकरीचा घास ठेवला, वर टाका घातला. "गोधडीबाई, उपाशी राहू नकोस."

मग एक घास मामाला, एक काकाला, एक ताईला. "तुम्ही होतात, म्हणून बाळ निजलं."

वारेबुवाला घास कसा द्यायचा? त्याला रिठीनं फुंकर दिली. फूऽऽ!

बाळ शेपटीसकट झाकलं. घुर्र घुर्र.

झेंडू मधोमध, बाळ उबेत, आणि आपली गोष्ट घडी घालून उशाशी.